उघडझापींचा हिशेब : धुळीच्या पठारावरील एका छायाचित्र-नोंदणीचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण चार जणांच्या एका लहान गटाचे आहे. एका उंच, कोरड्या आणि वस्तीपासून दूर असलेल्या पठारावर खडकांवर कोरलेल्या जुन्या आकृत्या आहेत आणि त्यांची छायाचित्रांद्वारे पद्धतशीर नोंद करणे हे गटाचे काम होते. खोदचित्रांचे एक अभ्यासक, एक छायाचित्रकार, एक वाहनचालक आणि मी असे आम्ही चौघे होतो. वाहतूक, पाणी आणि वीज यांची जबाबदारी माझ्याकडे होती, तर कॅमेरे आणि त्यांची निगा छायाचित्रकारांकडे होती. ठिकाणाची किंवा व्यक्तींची ओळख पटेल असे तपशील मुद्दाम वगळले आहेत. घटनाक्रम आणि आकडे मात्र आमच्या वह्यांमध्ये होते तसेच ठेवले आहेत.

एकूण १३ दिवसांपैकी सुरुवातीचे २ आणि शेवटचे २ दिवस प्रवासाचे होते आणि मधले ९ दिवस मुक्काम एकाच जागी होता. तेथे वीज नव्हती. पाणी आणण्यासाठी एक दिवसाआड वाहनाने जावे लागे आणि त्या वाटेला एका बाजूस सुमारे ४० मिनिटे लागत. वाट कच्ची होती आणि तिच्यावर घोट्यापर्यंत पाय रुतेल असा फुफाटा साचलेला होता. दुपारी उन्हाचा ताप ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाई आणि पहाटे पारा २-३ अंशांवर येई. दुपारनंतर वारा सुटे आणि सूर्यास्तापर्यंत टिके.

या कामात धूळ ही नेहमीपेक्षा गंभीर अडचण का होती, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. ही खोदचित्रे अतिशय उथळ असतात. सूर्य डोक्यावर असताना ती जवळजवळ दिसतच नाहीत आणि सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, तेही वीस-पंचवीस मिनिटेच, त्यांच्या कडा उठून दिसतात. खडकाचा पृष्ठभाग उंचसखल असल्यामुळे सगळा भाग स्पष्ट यावा म्हणून लेन्सचे छिद्र लहान, म्हणजे एफ/११ ते एफ/१६ ठेवावे लागते (एफपुढचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान). सेन्सरवरची, म्हणजे कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या भागावरची, धूळ नेमकी अशाच वेळी सर्वांत जास्त दिसते. शिवाय या आकृत्यांमध्ये दगडाने ठोकून पाडलेले लहान गोल खळगे असतात आणि सेन्सरवरच्या कणाची सावलीही छायाचित्रात लहान गोल काळसर ठिपका म्हणूनच उमटते. इतर छायाचित्रणात असा ठिपका नंतर संगणकावर पुसून टाकता येतो. येथे मूळ नोंदीतून काहीही पुसणे मान्य नव्हते, कारण पुसलेला ठिपका खरा खळगा असेल तर आपण पुरावाच नष्ट केलेला असतो.

पूर्वतयारी

सामानात दोन मिररलेस (आत आरसा नसलेले) कॅमेरे, एक मध्यम पल्ल्याची झूम लेन्स, बारकावे जवळून टिपणारी एक मॅक्रो लेन्स, एक लांब पल्ल्याची लेन्स, कॅमेऱ्याच्या चार बॅटऱ्या, २०,००० मिलीअँपिअर-तासांची एक पॉवर बँक, २८ वॅटचे घडीचे सौर पॅनेल, वाहनाच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा चार्जर, एक लॅपटॉप आणि दोन फोन होते. धुळीसाठी रबरी हवापंप, मऊ ब्रश, सूक्ष्म तंतूंची फडकी आणि पाणी व धूळ आत न येऊ देणाऱ्या दोन गुंडाळबंद पिशव्या होत्या.

निघण्यापूर्वी आम्ही दोन याद्या केल्या. धुळीची यादी छायाचित्रकारांनी केली आणि विजेची मी केली. दोन्ही आपापल्या परीने नीट होत्या, पण एकमेकींशेजारी ठेवून कोणीही वाचल्या नाहीत. आज मागे वळून पाहताना पुढच्या जवळजवळ सगळ्या अडचणींचे मूळ मला तेथेच दिसते.

माझ्या यादीत एक सरळ चूक होती आणि ती अनेकांकडून होते, म्हणून ती उलगडून सांगतो. कॅमेऱ्याच्या बॅटरीवर २,२०० मिलीअँपिअर-तास असे लिहिलेले होते. पॉवर बँकेच्या २०,००० ला २,२०० ने भागून मी नऊ हे उत्तर काढले आणि एका पॉवर बँकेतून नऊ वेळा बॅटरी भरता येईल असे धरले. पण मिलीअँपिअर-तास या एककात व्होल्टेज धरलेले नसते. पॉवर बँकेवरचा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, त्यामुळे तिच्यातील साठा ७४ वॅट-तासांचा होतो, तर ७.२ व्होल्टच्या कॅमेरा-बॅटरीचा साठा सुमारे १६ वॅट-तासांचा होतो. पॉवर बँकेतून बाहेर पडताना काही ऊर्जा वाया जाते, चार्जरमधून बॅटरीत उतरताना आणखी काही जाते, आणि अखेर हाती येणारा आकडा नऊ नसून तीन असतो. विमानप्रवासाच्या दृष्टीनेही वॅट-तास हेच एकक लक्षात ठेवावे लागते, कारण १०० वॅट-तासांपर्यंतच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमधील हातसामानात नेता येतात आणि त्यांच्या टोकांचा एकमेकांना स्पर्श होणार नाही अशी काळजी घ्यावी लागते. हा नियम पाळताना मी वॅट-तासांचा हिशेब केला होता. वापराचा अंदाज बांधताना मात्र तो केला नाही.

अडचण कशी उभी राहिली

प्रवासाच्या दोन दिवसांत कॅमेरा मागच्या आसनावर उघड्या पिशवीत होता, कारण वाटेत दिसेल ते टिपता यावे अशी इच्छा होती. खिडक्या बंद असूनही धुरळा आत येत होता. संध्याकाळी पिशवीच्या फोममधून बोट फिरवले तर पिठासारखी धूळ हाताला लागे. तरीही तेव्हा छायाचित्रांत काही दिसले नाही आणि आम्ही निर्धास्त राहिलो.

मुक्कामाच्या पहिल्या दोन दिवसांत, म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी, रोज तीन बॅटऱ्या संपल्या. कॅमेरा तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) लावून मागच्या पडद्यावर रचना पाहत उजेडाची वाट पाहिली जाई. पडदा भर उन्हात दिसावा म्हणून पूर्ण प्रखर ठेवलेला असे, आणि प्रत्येक छायाचित्रानंतर अभ्यासक ते मोठे करून पाहत असत. रात्री लॅपटॉपवर प्रती काढण्याला सुमारे ५० वॅट-तास लागत. नोंदी आणि दिशादर्शन यांसाठी वापरलेले फोन मिळून रोजची गरज १३० वॅट-तासांच्या जवळ होती.

पुरवठा त्याच्या निम्म्यालाही पोहोचत नव्हता. पॅनेलवर लिहिलेले २८ वॅट हे दर चौरस मीटरला १,००० वॅट प्रकाश आणि सेलचे तापमान २५ अंश या प्रमाणित परिस्थितीतले असतात. उन्हात ठेवलेल्या पॅनेलचे सेल ६० अंशांपर्यंत सहज तापतात आणि २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे सिलिकॉन सेलचे उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. त्यात पॅनेल जमिनीवर सपाट पसरलेले होते, सूर्याकडे कललेले नव्हते, आणि दुपारपर्यंत त्याच्यावर धुळीचा पातळ थर बसे. मध्ये लावलेल्या यूएसबी मीटरवर भर दुपारी १२ वॅट दिसत. दिवसभरात पॉवर बँकेत जाऊन परत हाती येईल अशी ऊर्जा सुमारे ४५ वॅट-तास होती. चौथ्या दिवशी पॉवर बँक पॅनेलशेजारी उन्हातच पडून राहिली आणि तापून तिने चार्ज घेणे थांबवले. लिथियम-आयन सेल साधारणपणे ० ते ४५ अंशांच्या दरम्यानच चार्ज करायचे असतात. तिने स्वतःला बंद केले हे योग्यच झाले, पण आमच्या लक्षात येईपर्यंत तीन तास गेले होते.

पाचव्या दिवशी सकाळी आमच्याकडे एक पूर्ण बॅटरी, दोन अर्धवट बॅटऱ्या आणि रिकामी पॉवर बँक एवढेच उरले होते. त्या दिवशी पाण्याची फेरी होती. मी सुचवले की वाहन चालू असताना कॅमेऱ्यातच यूएसबीने बॅटरी भरावी, म्हणजे जाता-येता कॅमेरा हाताशीही राहील. छायाचित्रकारांनी थोडे आढेवेढे घेतले, पण पर्याय दिसत नसल्याने मान्य केले. त्या दीड तासात कॅमेऱ्याच्या बाजूचे रबरी झाकण उघडे होते, केबल हिसक्यांनी हलत होती आणि फुफाट्यातून जाणाऱ्या वाहनात धूळ तरंगत होती. दिवसभर अर्धवट भरलेल्या बॅटऱ्या आलटून पालटून वापरल्यामुळे बॅटरीचे दार पुन्हा पुन्हा उघडावे लागले. संध्याकाळच्या वीस मिनिटांच्या उजेडात संपूर्ण खडक झूमने आणि बारकावे मॅक्रोने टिपायचे असल्याने वाऱ्यातच लेन्सही बदलल्या गेल्या.

त्या रात्री लॅपटॉपवर मुख्य कॅमेऱ्याच्या एफ/१६ च्या छायाचित्रांत नऊ ठिपके दिसले. दुसऱ्या कॅमेऱ्यात दोन होते. यूएसबीची केबल आता सैल बसत होती आणि चार्जिंग मधूनच तुटत होते. झूम लेन्सचे कडे फिरवताना बारीक करकर ऐकू येत होती.

त्या रात्रीचा हिशेब

तंबूत बसून आम्ही प्रथमच धूळ आणि वीज या दोन गोष्टींचा एकत्र विचार केला. अभ्यासकांनी विचारले, “कॅमेरा आज किती वेळा उघडला?” उत्तर कोणालाच ठाऊक नव्हते, पण ते काढता येण्यासारखे होते. प्रत्येक छायाचित्राच्या फाइलमध्ये वेळ आणि वापरलेली लेन्स नोंदलेली असते, त्यामुळे लेन्सची अदलाबदल मोजता आली. बॅटरी आणि कार्ड यांच्या वेळा छायाचित्रकारांच्या वहीत होत्या. चार्जिंगच्या मला आठवत होत्या. लेन्स ११ वेळा, बॅटरीचे दार ७ वेळा, कार्डाचे दार ४ वेळा आणि चार्जिंगचे झाकण ५ वेळा अशा एकूण २७ उघडझापी निघाल्या.

हा आकडा पाहिल्यावर बोलण्याची दिशा बदलली. धूळरोधक म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांच्या सांध्यांवर रबरी पट्ट्या असतात आणि दारे बंद असताना त्या चांगले काम करतात. धुळीपासूनचे संरक्षण आयपी अंकातील, म्हणजे उपकरणात धूळ आणि पाणी किती शिरू शकते हे सांगणाऱ्या प्रमाणित अंकातील, पहिल्या आकड्याने सांगितले जाते. त्यात ५ म्हणजे धूळ मर्यादित प्रमाणात येईल पण काम बिघडणार नाही, आणि ६ म्हणजे धूळ मुळीच आत येणार नाही. बहुतेक कॅमेऱ्यांना असा अंक दिलेलाच नसतो. दिलेला असला तरी उघड्या दाराला तो लागू होत नाही. मी विजेच्या टंचाईवर शोधलेला प्रत्येक उपाय कॅमेरा आणखी एकदा उघडत होता. धूळ आत येण्याचे प्रमाण अखेर माझ्या विजेच्या नियोजनावरच ठरत होते, आणि हे आम्हाला पाचव्या रात्री समजले.

ठिपके लहान छिद्रावरच का दिसतात, हेही त्या रात्री छायाचित्रकारांनी समजावून सांगितले, कारण त्यावर पुढचा निर्णय अवलंबून होता. धूळ प्रत्यक्ष सेन्सरवर बसत नाही. सेन्सरच्या पुढे एक-दोन मिलिमीटर अंतरावर काचेचा फिल्टर असतो, त्याच्यावर ती बसते. छिद्र मोठे असेल तर प्रकाश रुंद शंकूतून येतो आणि कणाची सावली पसरून नाहीशी होते. ढोबळ हिशेब असा की अंतर दीड मिलिमीटर धरले तर एफ/२.८ ला फिल्टरवर त्या शंकूचा व्यास अर्धा मिलिमीटर असतो आणि ३० मायक्रोमीटरचा कण त्यातील ०.३ टक्के प्रकाश अडवतो. एफ/१६ ला तोच व्यास ०.०९ मिलिमीटर होतो आणि तोच कण दहावा हिस्सा अडवतो. पहिल्या दिवशी वाटेत टिपलेल्या मोठ्या छिद्राच्या छायाचित्रांत काही दिसले नव्हते, याचा अर्थ तेव्हा धूळ नव्हती असा होत नाही. आम्ही ती दिसेल अशा रीतीने पाहिलेच नव्हते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय परत फिरण्याचा होता. दोन दिवस जाण्यात, एक दुरुस्तीत आणि दोन येण्यात गेले असते, म्हणजे काम जवळजवळ संपलेच असते. त्यावर फार चर्चा झाली नाही.

दुसरा पर्याय सेन्सर ओल्या पट्टीने स्वच्छ करण्याचा होता. पट्ट्या आणि द्रव छायाचित्रकारांकडे होते आणि त्यांनी घरी हे काम अनेकदा केले होते. त्यांचा कल याच बाजूला होता. माझा आणि अभ्यासकांचा विरोध होता. अशा जमिनीवरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. मोह्झच्या मापनश्रेणीत क्वार्ट्झची कठीणता ७ आहे आणि सामान्य काचेची साडेपाचच्या आसपास. असा एक कण पट्टीखाली सापडला तर फिल्टरवर ओरखडा पडेल, आणि तंबूत पट्टीवर नवा कण बसणार नाही याची खात्री कोणीही देऊ शकत नव्हते. चिकटलेला कण नंतर काढता येतो, पण ओरखडा काढता येत नाही, या मुद्द्यावर छायाचित्रकार अखेर थांबल्या. एकदा तीव्र मतभेद होऊनही त्यांनी तो निर्णय मनापासून पाळला, याची नोंद येथे करणे मला आवश्यक वाटते.

तिसरा पर्याय फक्त दुसरा, कमी धूळ गेलेला कॅमेरा वापरण्याचा होता. तो सुरक्षित होता, पण त्यात लेन्सची अदलाबदल दुप्पट झाली असती आणि चार दिवसांत त्या कॅमेऱ्याचीही तीच अवस्था झाली असती.

विजेच्या बाबतीत एक मोहक पर्याय मीच मांडला होता आणि वाहनचालकांनी तो फेटाळला. इंजिन बंद ठेवून रात्री वाहनाच्या बॅटरीवर चार्जर चालवावा, असे मी म्हणत होतो. त्यांचे म्हणणे असे होते की वाहनाची बॅटरी इंजिन सुरू करताना क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी बनवलेली असते, हळूहळू खोलवर रिकामी होण्यासाठी नाही. पहाटेच्या थंडीत तिची ताकद आधीच कमी झालेली असते, आणि येथे वाहन सुरू झाले नाही तर पाणी आणायला जाता येणार नाही. त्यांनी हे आवाज न चढवता सांगितले आणि त्यानंतर कोणी तो विषय काढला नाही. इंजिन नुसते चालू ठेवून चार्ज करणेही इंधन मोजके असल्याने सोडून दिले.

केलेली कृती

सहाव्या दिवशी सकाळी वारा नसताना मुख्य कॅमेरा हवापंपाने स्वच्छ केला. वाहनाच्या खिडक्या-दारे आणि आतला पंखा वीस मिनिटे आधीच बंद ठेवून तरंगणारी धूळ खाली बसू दिली. आसनावर ओलसर फडके पसरले, कॅमेऱ्याचे तोंड खाली करून धरले आणि पंपाचे टोक आत न नेता बाहेरूनच हवा सोडली. पंपातही धूळ साचलेली असू शकते, म्हणून पहिले चार-पाच झोत बाजूला सोडून दिले. तोंडाने फुंकर मारण्याचा मोह टाळला, कारण त्यात थुंकीचे तुषार असतात. नऊ ठिपक्यांचे चार झाले. त्यांपैकी एक मध्यभागाजवळ घट्ट चिकटलेला होता आणि तो तसाच राहू दिला.

त्या दिवसापासून लेन्स बदलणे बंद केले. मुख्य कॅमेऱ्यावर झूम आणि दुसऱ्यावर मॅक्रो कायम राहिली आणि लांब पल्ल्याची लेन्स पिशवीत बंद झाली. तिची उणीव एक-दोनदा भासली, पण ती सोसण्यासारखी होती. पुढे-मागे लांबणारी झूम लेन्स लोहाराच्या भात्याप्रमाणे हवा आत ओढते, त्यामुळे तिच्यावर एकच नाभीय अंतर (दृश्य किती जवळचे दिसेल हे ठरवणारे माप) ठरवून कडे कापडी टेपने बांधून टाकले आणि रचना पायांनी पुढे-मागे जाऊन साधली.

दररोज सकाळी, काम सुरू करण्यापूर्वी आणि दिवसाच्या अखेरीस, एफ/१६ वर एकसारख्या उजळ आकाशाचे, फोकस मुद्दाम चुकवलेले एक संदर्भ छायाचित्र घेतले जाऊ लागले. त्यात फक्त धुळीचे ठिपके दिसतात. कण सेन्सरसमोर एकाच जागी असतो, तर खडकावरचा खळगा रचना बदलली की चौकटीत सरकतो. त्यामुळे संदर्भ छायाचित्र हाताशी असेल तर धूळ कोणती आणि खळगा कोणता, हे शंकेला जागा न ठेवता सांगता येते. माझ्या मते संपूर्ण प्रवासातील ही सर्वांत मोलाची कृती होती आणि तिला वीजही जवळजवळ लागली नाही.

विजेच्या बाजूने वापर निम्म्यावर आणला. छायाचित्र घेतल्यावर ते आपोआप पडद्यावर दिसणे बंद केले, पडद्याऐवजी डोळ्याला लावायचा दृश्यदर्शक वापरला आणि उजेडाची वाट पाहताना कॅमेरा बंद ठेवला. अभ्यासकांनी छायाचित्रे मोठी करून पाहणे दुपारपुरते मर्यादित केले. त्यांच्यासाठी हे सोपे नव्हते, कारण खडकासमोर असतानाच शंका फेडून घेण्याची त्यांची जुनी सवय होती. कॅमेऱ्यांत दोन कार्डांची सोय होती, त्यामुळे प्रत्येक छायाचित्र दोन्ही कार्डांवर एकाच वेळी नोंदवले आणि लॅपटॉप तीन दिवसांतून एकदा उघडला. एक फोन पूर्ण बंद ठेवला, तर दुसरा विमान-स्थितीत ठेवला. रोज दीड बॅटरी पुरू लागली आणि एकूण गरज ५५-६० वॅट-तासांवर आली.

कॅमेऱ्यात चार्ज करणे पूर्णपणे थांबवले. बॅटऱ्या बाहेर काढून स्वतंत्र चार्जरमध्ये भरायच्या आणि तो चार्जर झाकणाच्या डब्यात ठेवून केबल झाकणाच्या फटीतून घ्यायची अशी व्यवस्था केली. पाण्याच्या फेरीत वाहन चालू असताना हा डबा आणि पॉवर बँक दोन्ही भरले जात. पॅनेल दगडांच्या आधाराने सूर्याकडे कलते ठेवले, दोनदा फिरवले आणि दर दोन तासांनी मऊ ब्रशने झाडले. पॉवर बँक त्याच्यामागे सावलीत ठेवली. पॅनेलवरून थेट कॅमेरा-बॅटरी भरण्याचा प्रयोग सोडून दिला, कारण सावली सरकली की चार्जर बंद पडून पुन्हा सुरू होई आणि कधीकधी सुरूच होत नसे. पॉवर बँक मध्ये ठेवल्यावर ही अडचण राहिली नाही.

बॅटऱ्या रात्री झोपण्याच्या पिशवीत, अंगाजवळ ठेवल्या. गार बॅटरी कमी वेळ चालते, आणि शून्याखाली ती चार्ज केली तर आत धातूरूप लिथियम साचून तिचे कायमचे नुकसान होते, म्हणून सकाळची चार्जिंग ऊन अंगावर येईपर्यंत सुरू केली नाही. बदली करायची ती दिवसातून एकदाच, दुपारी, तंबूत, बॅटरीची टोके कोरड्या फडक्याने पुसून. भरलेल्या बॅटऱ्यांवर हिरवी टेप असे आणि संपलेल्यांवर लाल, त्यामुळे चुकीची बॅटरी घालून दार पुन्हा उघडण्याचे प्रसंग संपले. सातव्या दिवशी मोजले तेव्हा दोन्ही कॅमेरे मिळून तीन उघडझापी झाल्या होत्या.

आठव्या दिवसाचे वादळ

आठव्या दिवशी दुपारी क्षितिजावर तपकिरी भिंत दिसली. वाहनचालकांनी ती सर्वांच्या आधी ओळखली आणि आम्हाला सुमारे पंचवीस मिनिटे मिळाली. कॅमेरे आधी धुतलेल्या उशीच्या अभ्र्यात आणि मग गुंडाळबंद पिशवीत गेले. अभ्रा सुचवला तो छायाचित्रकारांनी, कारण फोमच्या खाचांमध्ये धूळ अडकून राहते आणि अभ्रा झटकता येतो. तिकाटणे मात्र बाहेर राहिले. त्याच्या सर्वांत खालच्या नळ्या आत सरकवलेल्या होत्या आणि सांधे वाळूला टेकलेले होते. नंतर ते पाय फिरेनात. खालची नळी आधी लांबवून सांधा जमिनीपासून वर ठेवला असता तर हे झाले नसते.

वादळ गेल्यावर पिशव्या उघडण्याची घाई केली नाही. बाहेरची धूळ आधी पंपाने, मग ब्रशने काढली आणि फडके शेवटी वापरले. लेन्सच्या पुढचा संरक्षक फिल्टर त्या दिवशी कोणीतरी कोरड्या फडक्याने पुसला होता आणि त्यावर अर्धवर्तुळाकार ओरखडे उमटले होते. फिल्टर बदलता आला. भिंगाची पुढची काच बदलता आली नसती.

निष्पत्ती

नियोजित ६४ खडकांपैकी ५७ नोंदवले गेले. पाचव्या दिवसाच्या सहा खडकांवरील छायाचित्रांत महत्त्वाच्या जागी ठिपके होते. त्यांतील चार पुन्हा टिपता आले. उरलेल्या दोन खडकांवर संध्याकाळचे ऊन पुढच्या दिवसांत वादळाच्या धुरकट हवेमुळे पोहोचलेच नाही. सहाव्या दिवसानंतर एफ/१६ च्या छायाचित्रांत एकच नवा ठिपका आला आणि तो संदर्भ छायाचित्रांत स्पष्ट ओळखता येतो. विजेअभावी एकही संध्याकाळ वाया गेली नाही.

परतल्यावर मुख्य कॅमेऱ्याची चार्जिंगची खोबण दुरुस्ती केंद्रात स्वच्छ करावी लागली आणि तिच्यातून निघालेली धूळ उघड्या डोळ्यांनी दिसत होती. झूम लेन्स पूर्ण खोलावी लागली. सेन्सरवरचा चिकटलेला कण तेथेच नीट निघाला, ओरखडा नव्हता.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत आधी बॅटऱ्यांची संख्या. २८ वॅटच्या पॅनेलचे वजन सात-आठ बॅटऱ्यांइतके असते. एक बॅटरी साधारण ८० ग्रॅमची असते. आणखी आठ बॅटऱ्या नेल्या असत्या तर १२८ वॅट-तास ऊर्जा आधीच भरून सोबत आली असती आणि रोज दीड बॅटरीच्या दराने, पाण्याच्या फेऱ्यांतील चार्जिंग धरून, मुक्काम निभावला असता. पॅनेल निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. महिनाभराच्या पायी प्रवासात, जेथे वाहन नाही, तेथे त्याला पर्याय नाही. पण दहा-बारा दिवसांसाठी ते पहिला आधार नव्हते, आणि मी त्याला पहिला आधार मानले होते.

दोन बॅटऱ्या मावणारी कॅमेऱ्याची खालची पकड घ्यावी का, यावर आमचे अजून एकमत नाही. तिने दार उघडण्याची संख्या निम्मी होते, पण तिचा कॅमेऱ्याशी असलेला सांधा हा एक नवा प्रवेशमार्ग आहे. खोट्या बॅटरीला केबल जोडून बाहेरून वीज देण्याची पद्धत मात्र मी अशा जागी सुचवणार नाही. त्यात बॅटरीच्या दाराची लहान फट दिवसभर उघडी राहते, आणि ती उघडझाप मोजतानाही लक्षात येत नाही.

प्रवासाच्या दोन दिवसांत कॅमेरे बंद पिशवीत असायला हवे होते आणि वाटेतले टिपायला फोन पुरेसा होता. एफ/१६ चे संदर्भ छायाचित्र निघण्याच्या आदल्या दिवसापासून घ्यायला हवे होते. घरी घेतलेल्या पहिल्या छायाचित्रामुळे नवा ठिपका कधी आला हे कळले असते आणि मुख्य कॅमेऱ्याची स्थिती पाचव्या रात्रीऐवजी तिसऱ्या सकाळी उघड झाली असती.

पाचव्या दिवशी कॅमेऱ्यात चार्ज करण्याचा आग्रह मी धरला, त्याऐवजी त्या दिवशी एक संध्याकाळ सोडून देऊन बॅटऱ्या बाहेर शांतपणे भरल्या असत्या, तर सहा खडक एक दिवस उशिरा पण स्वच्छ मिळाले असते. त्या क्षणी सोडून दिलेली संध्याकाळ मला नुकसान वाटत होती आणि छायाचित्रकारांच्या आढेवेढ्यांना मी सावधपणाचा अतिरेक समजलो. त्यांनी नेमके कारण सांगितले नव्हते हे खरे, पण मी ते विचारलेही नव्हते.

पुन्हा न टिपता आलेल्या दोन खडकांपैकी एकावर, एका प्राण्याच्या आकृतीच्या पुढे, एक गोल ठिपका आहे. तो खळगा असेल तर त्या आकृतीचा अर्थ वेगळा लागतो, असे अभ्यासक सांगतात. एफ/१६ वर त्या खडकाचे एकच छायाचित्र आहे, त्यानंतर लगेच लेन्स बदलली गेली, आणि त्याआधीची छायाचित्रे एफ/४ ची असल्याने त्यांत ना तो कण दिसतो, ना खडकाचा तो भाग पुरेसा स्पष्ट आहे. त्या दिवसाचे संदर्भ छायाचित्र नाही. नोंदवहीत त्या ठिपक्यासमोर ‘अनिश्चित, प्रत्यक्ष पाहणी आवश्यक’ असे लिहिले आहे, आणि पुढच्या फेरीच्या यादीत, जी आता एकाच कागदावर आहे, तो खडक पहिल्या क्रमांकावर आहे.